तालुक्याच्या गावातली अर्बन बँक: ठेव, शेअर आणि कर्ज, आधी काय तपासावं?

आडतपेठ

आमच्या तालुक्याच्या गावी १९५० च्या दशकात सुरू झालेली नागरी सहकारी बँक आहे. गावात तिला सगळे ‘अर्बन’ म्हणतात. काम एकाच जिल्ह्यात, पाच शाखा, ठेवी १२० कोटींच्या आसपास. तीन गोष्टी ठरवायच्या आहेत.

आईच्या नावे ९ लाखांची मुदत ठेव ठेवायची आहे. समोरच्याच गल्लीतली पतसंस्था दीड टक्का जास्त व्याज देते. मग बँकेतच का ठेवावी? दुसरं, किराणा दुकानासाठी ७ लाखांची कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर लागेल तशी उचल करायची सोय) हवी आहे, त्यासाठी बँक शेअर घेऊन सभासद व्हायला सांगते. ते पैसे ठेवीइतकेच सुरक्षित असतात का? तिसरं, बँकेचा वार्षिक अहवाल हाती आला आहे. त्यात नेमकं काय पाहायचं? ‘ऑडिट वर्ग अ’ पहिल्याच पानावर ठळक छापलंय, तेवढं पुरेसं आहे का?

खतावणी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर व्याजदरात नाही, विम्यात आहे. अर्बन बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं, म्हणजे डीआयसीजीसीचं संरक्षण असतं. पतसंस्था नोंदलेली असते सहकार खात्याकडे. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि हा विमाही नसतो. पतसंस्थेला नावात ‘बँक’ हा शब्द लावता येत नाही. पाटीवर बारीक अक्षरात ‘को-ऑप. क्रेडिट सोसायटी’ असेल, तर ‘मल्टिस्टेट’ कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी ती बँक नव्हे.

दीड टक्का जास्त कुठून येतो तेही समजून घ्या. अर्बन बँकेला ठेवींचा एक हिस्सा रोख आणि सरकारी रोख्यांत अडकवून ठेवावा लागतो, विम्याचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरावा लागतो (१०० रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला जास्तीत जास्त १२ पैसे, ठेवीदाराकडून तो घेता येत नाही), आणि करनिर्धारण वर्ष २००७-०८ पासून नफ्यावर आयकर द्यावा लागतो. पतसंस्थेला आयकराच्या कलम ८०पीची वजावट पुढेही राहिली. म्हणजे जास्त व्याज देणारी प्रत्येक पतसंस्था गैर आहे असं नाही, काही अतिशय चोख चालतात. पण तिथे तुमच्यात आणि तोट्यात फक्त तिचा कारभार उभा असतो, दुसरं काही नाही. आईच्या म्हातारपणाच्या पैशाला तेवढा आधार पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ९ लाखांचं. विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे, त्याआधी १९९३ पासून १ लाख होती. ही मर्यादा दर बँकेला, दर ठेवीदाराला असते. एकाच बँकेच्या पाच शाखांत पाच पावत्या केल्या तरी त्या एकत्रच धरतात. बचत खात्यातली शिल्लकही त्यातच, आणि व्याजही त्यातच. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. समजा साडेचार लाख ८ टक्क्यांनी ठेवले. वर्षभराच्या साध्या व्याजाने ४ लाख ८६ हजार होतात, ठीक आहे. पण तीच पावती दर तिमाहीच्या चक्रवाढीने दोन वर्षं ठेवली तर सुमारे ५ लाख २७ हजार होते आणि वरचे २७ हजार उघडे पडतात. दोन वर्षांसाठी सव्वाचार लाखाच्या पुढे जाऊ नका.

उरलेल्या रकमेचे दोन मार्ग आहेत. दुसरी बँक, किंवा त्याच बँकेत संयुक्त नावाची पावती. आईचं एकटीचं खातं आणि ‘आई व तुम्ही’ असं संयुक्त खातं ही विम्यासाठी वेगवेगळी धरतात, दोन्ही खात्यांना स्वतंत्र ५ लाखांपर्यंत. वारस म्हणून नाव लावल्याने मात्र मर्यादा वाढत नाही. वारसनोंद करायचीच, पण ती पैसे कोणाच्या हाती जावेत यासाठी, विम्यासाठी नव्हे.

बँकेवर निर्बंध लागले तर काय होतं? २०२१ च्या दुरुस्तीनंतर ९० दिवसांची मुदत कायद्यातच आहे. बँकेने ४५ दिवसांत ठेवीदारांची यादी द्यायची, पुढच्या ३० दिवसांत महामंडळाने ती तपासायची आणि त्यानंतर १५ दिवसांत पैसे द्यायचे. पूर्वी बँक अवसायनात जाईपर्यंत विम्याचा रुपया मिळत नसे, लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. आता पैसे अडकतात ते बहुधा केवायसीपायी. पॅन, आधार, पत्ता जुना असेल किंवा पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, तर यादीत तुमचं नाव मागे पडतं. आईच्या खात्याचं हे काम आजच उरकून घ्या. आणि त्याच बँकेत त्याच नावाने कर्ज असेल तर आधी ते वळतं करून उरलेल्या रकमेवर विमा मिळतो, हेही ध्यानात असू द्या.

जुनी_वही

इतिहासावरून बँकेचा स्वभाव कळतो, म्हणून थोडं.

ही चळवळ आपल्याकडे सावकारीच्या जाचातून आली. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-वह्या बाहेर काढून जाळली. दख्खनचा उठाव म्हणतात तो तिथून पेटला. शहरी बाजूने पाहिलं तर १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ निघाली. तेव्हा सहकाराचा कायदाही नव्हता, तो १९०४ साली आला. १९०६ मध्ये पुण्यात कॉसमॉस आणि मुंबईत शामराव विठ्ठल, १९१८ मध्ये सारस्वत. तालुक्याच्या गावांपर्यंत हे लोण नंतर पोचलं. जिथे बाजारपेठ मोठी तिथे ‘मर्चंट्स’, नोकरदार आणि कारागीर जास्त तिथे ‘पीपल्स’, ‘नागरिक’ किंवा ‘अर्बन’.

तुमची बँक १९५० च्या दशकातली, म्हणजे बहुधा आधी ‘क्रेडिट सोसायटी’ असणार. १ मार्च १९६६ ला बँकिंग कायदा सहकारी संस्थांना लागू झाला. ज्या बिगरशेती पतसंस्थेचं भागभांडवल आणि राखीव निधी मिळून १ लाखाच्या वर होता ती कायद्याने प्राथमिक सहकारी बँक ठरली आणि तिला परवाना मागावा लागला. अहवालाच्या पहिल्या पानावर स्थापना, नोंदणी क्रमांक आणि परवाना क्रमांक यांच्या तारखा वेगवेगळ्या दिसतात त्या यामुळे. २००४ पासून नव्या अर्बन बँकांना परवाने देणं थांबलं, म्हणून आज दिसतात त्या साऱ्या जुन्याच.

१९६६ पासून अर्बन बँकांना दोन मालक झाले. पैशाचा व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे. नोंदणी, निवडणूक, वसुलीचे दाखले सहकार खात्याकडे. गडबड झाली की हा त्याच्याकडे आणि तो याच्याकडे बोट दाखवी. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑप.) बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्यानंतर २०२० मध्ये कायदा बदलला आणि संचालक मंडळ बरखास्त करण्यापासून विलीनीकरणापर्यंतचे अधिकार रिझर्व्ह बँकेकडे गेले.

ताळेबंद

‘ऑडिट वर्ग अ’ पुरेसा नाही. तो मागच्या ३१ मार्चपुरता, नमुन्यादाखल तपासलेल्या खात्यांवरून दिलेला असतो. अडचणीत गेलेल्या बँकांच्या आधीच्या अहवालांवरही ‘अ’ सापडतो. फोटो आणि अध्यक्षांचं मनोगत ओलांडून थेट ताळेबंदावर जा. सोबत मागचे दोन अहवाल घ्या, एकट्या वर्षाचा आकडा फारसं सांगत नाही.

सोयीसाठी आकडे धरू: ठेवी १२० कोटी, कर्जं ८० कोटी, ढोबळ एनपीए (थकीत झालेली एकूण कर्जं) ६ कोटी, त्यासाठीची तरतूद साडेचार कोटी.

ढोबळ एनपीए म्हणजे ८० पैकी ६, साडेसात टक्के. निव्वळ काढताना दोन्हीकडून तरतूद वजा होते: दीड कोटी भागिले साडेपंचाहत्तर कोटी, म्हणजे जवळपास २ टक्के. अहवालात ‘निव्वळ एनपीए’ ठळक आणि ‘ढोबळ’ कुठेतरी कोपऱ्यात असतं. दोन्ही पाहा. निव्वळ शून्य असूनही ढोबळ १० टक्के असेल, तर नफ्यातून खड्डा भरलाय पण कर्ज वसूल झालेलं नाही. निव्वळ ६ टक्क्यांवर गेलं की रिझर्व्ह बँक तुमच्या बँकेच्या आकाराच्या बँकेवर सुधारणेची बंधनं आणू शकते.

पुढे सीआरएआर, म्हणजे जोखमीच्या मालमत्तेच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल किती ते प्रमाण. १०० कोटींच्या वर आणि १,००० कोटींपर्यंत ठेवी असलेली, एकाहून अधिक शाखांची बँक दुसऱ्या स्तरात येते. तिला हे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवायचं होतं: मार्च २०२४ ला १० टक्के, २०२५ ला ११ आणि २०२६ ला १२. तुमची १२० कोटींची बँक नेमकी याच उंबरठ्यावर आहे. पहिल्या स्तरात राहिली असती तर ९ टक्क्यांवर भागलं असतं. म्हणूनच शेअरमधून भांडवल वाढवायला सध्या अशा बँका सभासद वाढवण्याच्या मागे आहेत. त्यात गैर काही नाही, पण कारण माहीत असलेलं बरं.

आता ती ओळ जी कोणी वाचत नाही. ताळेबंदाच्या देण्यांच्या बाजूला ‘थकीत व्याज तरतूद’ आणि मालमत्तेच्या बाजूला तेवढ्याच रकमेचं ‘येणे व्याज’ दिसेल. एनपीए खात्यावरचं व्याज उत्पन्नात धरता येत नाही, म्हणून ते दोन्हीकडे समान लिहून ठेवतात. बोट ठेवून तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहा. समजा १ कोटी ४० लाख, १ कोटी ९० लाख, २ कोटी ६० लाख. एनपीएचा टक्का कमी झाल्याचं मनोगतात लिहिलंय आणि ही ओळ मात्र फुगते आहे, तर जुनी थकबाकी जागची हललेली नाही. टक्का कमी झाला तो नवी कर्जं वाटून छेद मोठा केल्यामुळे.

दुसरी खूण मार्चमधली. फेब्रुवारीअखेर आणि मार्चअखेर यांत कर्जाचा आकडा एकदम उडी मारत असेल, तर थकीत खाती ‘नवं-जुनं’ झाल्याची शक्यता असते. नव्या नावाने कर्ज देऊन जुनं भरून घ्यायचं. अहवालात महिनावार आकडे नसतात, पण वर्षाच्या शेवटी किती कर्ज वाटलं हा प्रश्न वार्षिक सभेत विचारता येतो. प्रश्न सभेआधी किती दिवस लेखी द्यायचे ते नोटिशीखालच्या सूचनांमध्ये छापलेलं असतं, ती मुदत चुकवली तर अध्यक्ष उत्तर टाळू शकतात.

आणि शेवटचं, संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडील कर्जाचा तक्ता. अर्बन बँकेला संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देता येत नाही, स्वतःच्या ठेवीवरच्या किंवा विमा पॉलिसीवरच्या कर्जासारखे थोडे अपवाद सोडून. तिथे ठेवतारण कर्जाशिवाय दुसरा आकडा दिसला की विचारा.

आडतपेठ

खूप आभार. ताळेबंदरावांनी सांगितलं तसं तीन वर्षांचं लिहून काढलं. थकीत व्याजाची ओळ जवळपास स्थिर आहे, ढोबळ एनपीए ९ वरून ६ टक्क्यांवर आलाय. शेअरचं राहिलं. आणि दुकानात रोज संध्याकाळी पिग्मीवाला (रोजची बचत गोळा करणारा बँकेचा प्रतिनिधी) येतो, त्याबद्दलही कोणी सांगेल का?

ताळेबंद

ओळ स्थिर आणि ढोबळ खाली, म्हणजे वसुली खरी आहे. चांगली खूण.

शेअर ही ठेव नव्हे. त्याला विमा नाही. बँक बुडाली तर भागधारकाचा नंबर सगळ्या घेणेकऱ्यांच्या मागे. शेअरची किंमतही वाढत नाही. बँकेकडे राखीव निधी कितीही असो, परत करताना दर्शनी किमतीनेच मिळतो. राज्याच्या सहकार कायद्यात लाभांशाला १५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. परतही मागाल तेव्हा मिळत नाही: बँकेचा सीआरएआर किमान ९ टक्के असेल आणि तुमचे पैसे दिल्यावरही तेवढा राहणार असेल, तरच देता येतात. बँक अडचणीत आली की हाच दरवाजा सर्वात आधी बंद होतो.

मग घ्यावा का? कर्जासाठी लागतो तेवढा जरूर घ्या. तारणी कर्जाला अडीच टक्के आणि विनातारणी कर्जाला ५ टक्के ही रूढ पद्धत आहे. ७ लाखांच्या तारणी मर्यादेवर १७,५०० रुपये होतात. भांडवल भक्कम असलेल्या बँकांना यात सूट देता येते, म्हणून ‘तुमच्याकडे नेमकं किती’ हे लेखी विचारा. आणि घेतलात तर नाममात्र सभासद होऊ नका, नियमित व्हा. नाममात्र सभासदाला मत नसतं. नियमित सभासदाला १ शेअर असो की १,०००, मत एकच. १७,५०० रुपयांत लाभांशापेक्षा मोलाचं मिळतं ते हे.

बाजारगल्ली

पिग्मीचं मी सांगतो. ही पद्धत १९२८ साली कर्नाटकच्या किनारपट्टीवर, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेने सुरू केली. रोज २०० रुपये, महिन्याला २५ दिवस धरले तर वर्षाला ६०,००० होतात. व्याज मुदत ठेवीपेक्षा बरंच कमी असतं, कारण प्रतिनिधीचं कमिशन बँक त्यातूनच भागवते. मुदतीआधी मोडलीत तर बहुतेक बँका ते कमिशन तुमच्याकडून कापतात. किती महिन्यांच्या आत किती, ते खातं उघडतानाच्या फॉर्मवर असतं.

धोका एकच आहे. प्रतिनिधीच्या हातातल्या मशिनमधून पावती निघते, पण मशिनमधला डेटा बँकेत उतरवला जातो आणि रोकड भरली जाते तेव्हाच पैसे खात्यावर येतात. मधल्या काळात ते त्याच्या पिशवीत असतात. म्हणून तीन सवयी. छापील पावती किंवा मेसेज आल्याशिवाय नोट द्यायची नाही. मशिन बंद आहे म्हणून वहीत नुसती सही, हे एक दिवसही चालवून घ्यायचं नाही. आणि महिन्यातून एकदा शाखेत काउंटरवर जाऊन पासबुक भरून आणायचं. प्रतिनिधीने भरून आणलेलं नव्हे. अफरातफरी उघडकीला येतात त्या याच तिसऱ्या सवयीने.

नजरगहाण

कॅश क्रेडिटबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. गावोगावी सर्वात जास्त खाती इथेच बिघडतात, आणि बिघडतात ती धंदा बुडाल्याने नव्हे, कागद वेळेवर न दिल्याने.

७ लाखांची मर्यादा मंजूर झाली म्हणजे ७ लाख उचलता येतात असं नाही. उचल ठरते साठापत्रकावरून, म्हणजे माल, देणं आणि उधारीच्या पत्रकावरून. समजा दुकानात ८ लाखांचा माल आहे, व्यापाऱ्यांचं देणं २ लाख आहे. तुमचा स्वतःचा माल ६ लाखांचा. त्यातून २५ टक्के दुरावा (मार्जिन) गेला की साडेचार लाख. गिऱ्हाइकांकडे ९० दिवसांच्या आतली उधारी ३ लाख, त्यावर ४० टक्के दुरावा, उरले १ लाख ८० हजार. एकूण ६ लाख ३० हजार, हीच उचल-मर्यादा. दुराव्याचे टक्के बँकेगणिक बदलतात, हिशेबाची रीत हीच. साठापत्रक दरमहा द्या. तीन महिन्यांहून जुन्या पत्रकावर केलेली उचल अनियमित धरतात आणि ती तशीच ९० दिवस चालली की खातं एनपीए. व्याज वेळेवर भरलेलं असलं तरीही. मालाचा विमा बँकेच्या नावाच्या उल्लेखासह घ्या आणि रकमेत साठा पूर्ण बसवा. ८ लाखांचा माल आणि ५ लाखांचा विमा असेल तर नुकसानभरपाईही त्याच प्रमाणात कापून मिळते.

जागा तारण देणार असाल तर उताऱ्यावर बोजा चढेल. जामीनदाराला आधीच स्पष्ट सांगा: त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक थेट त्याच्यावर जाऊ शकते. वसुलीला बँकेकडे दोन रस्ते असतात. एक, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला. निबंधकासमोर सुनावणी होते, तिथे हजर राहून हिशेबावर हरकत घ्यायची. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. लोक सुनावणीच्या नोटिशीकडे दुर्लक्ष करतात आणि तिथेच अडकतात. दुसरा, सरफेसी कायदा, म्हणजे तारण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करण्याचा. तो सहकारी बँकांना लागू होतो की नाही हा वाद कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यातून घटनापीठापर्यंत गेला आणि ५ मे २०२० ला ‘लागू होतो’ असा निकाल लागला. त्यात आधी ६० दिवसांची नोटीस येते, मग ताबा. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे.

कर्ज फिटल्यावर मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत द्यायचे आणि बोजा उतरवण्याची कागदपत्रंही द्यायची, हे १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. अर्बन बँकांनाही हे लागू आहे. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी शाखाधिकाऱ्यांच्या सही-शिक्क्याने घेऊन ठेवा, परत मागताना तीच दाखवावी लागते.

खतावणी

एक भर. खातं उघडण्याआधी शाखेत विचारा की यूपीआय आहे का आणि आधारशी जोडून सरकारी अनुदान जमा होतं का. काही लहान बँका मोठ्या बँकेच्या आधाराने एनईएफटी करतात, त्यांचा आयएफएससी शाखेतून लिहून घ्या, इंटरनेटवरून उचलू नका.

तक्रार असेल तर आधी शाखेला लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. ५० कोटी किंवा त्याहून जास्त ठेवींच्या अर्बन बँका त्या योजनेत येतात, म्हणजे तुमची येते. पोच मात्र तारखेच्या शिक्क्याची हवी. ती नसेल तर ३० दिवस कधीपासून मोजायचे, इथेच तक्रार अडते.